‘अपने में नई होता’ म्हणणाऱ्यांना

मुस्लिम समाजात दारूच्या व्यसनाचा विषय काढला की पहिलं उत्तर ठरलेलं असतं : ‘अपने में नई होता.’ हे उत्तर मौलाना देतात, मोहल्ल्यातले चाचा देतात आणि अलीकडे कॉलेजात शिकणारी पोरंही देतात. गंमत अशी की त्याच मोहल्ल्यात कोण कुठे बसून पितो, कोणाच्या घरातून रात्री भांडी आपटल्याचे आवाज येतात, ‘काविळीने गेला’ म्हणून कोणाचा जनाजा उठला आणि खरं कारण काय होतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ठाऊक असून न बोलणं यालाच आपल्याकडे इज्जत म्हणतात.

मित्रांनो, या लेखातलं म्हणणं सरळ आहे. दारू हराम आहे एवढं सांगून समाजाची जबाबदारी संपत नाही. व्यसनातून बाहेर येऊ पाहणाऱ्या माणसाला डॉक्टर लागतो आणि त्याच्यासारखीच माणसं लागतात. अशी माणसं जिथे जमतात त्या बैठका मुंबई-पुण्यात आणि इतरही अनेक शहरांत आधीपासून भरतात. आपण मात्र तिथे जाणाऱ्याला ‘लोग क्या बोलेंगे’ म्हणून अडवतो आणि स्वतःच्या वस्तीत तशी बैठक उभीच राहू देत नाही. हे बंद झालं पाहिजे.

आधी आकडे बघू. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. त्यानुसार १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के लोक दारू पितात, म्हणजे सुमारे १६ कोटी. त्यातल्या साडेपाच कोटींहून अधिक लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. पण खरा धक्का पुढच्या आकड्यात आहे. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर ३८ जणांमागे फक्त एकाला कुठली तरी मदत मिळाली होती आणि दवाखान्यात दाखल होऊन उपचार घेतलेला माणूस १८० मागे एक. ही अवस्था सगळ्या देशाची आहे. ज्या समाजात पिण्याचा उल्लेखही पाप मानला जातो, तिथे मदतीपर्यंत पोचणं किती अवघड असेल?

मुस्लिमांमध्ये पिणाऱ्यांचं प्रमाण इतरांपेक्षा कमी आहे, हे खरं. धर्माच्या बंधनाचा तो उपयोग आहे आणि तो नाकारायचं काही कारण नाही. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. उलट पिणारे कमी असल्यामुळेच पिणारा जास्त एकटा पडतो. इतर घरांत काका, मामा, शेजारी अशा कोणाला तरी ‘तुझं जरा जास्त होतंय’ असं म्हणायची सोय असते. आपल्याकडे पहिल्या घोटापासूनच सगळं लपवाछपवीचं. घरापासून तीन स्टेशनं लांब जाऊन प्यायची, वेलची चघळत परत यायचं, आणि हे सगळं इतकी वर्षं चालतं की घरच्यांना कळतं तेव्हा यकृत सुजलेलं असतं आणि नोकरी गेलेली असते.

आता समाज काय करतो ते पाहू. घरच्यांना कळल्यावर पहिली फेरी तावीज, दम केलेलं पाणी आणि दर्ग्याची. दुसरी फेरी जमातीत पाठवण्याची : चाळीस दिवस चिल्ल्याला गेला की सुधारेल. तिसरी फेरी लग्नाची : बायको आली की जबाबदारी कळेल. म्हणजे एका माणसाच्या आजाराचं औषध म्हणून दुसऱ्याच घरची मुलगी आणायची! चौथी फेरी शिव्याशापांची. या चारही फेऱ्यांत त्या माणसाला कोणी विचारत नाही की, बाबा, तुला नेमकं काय होतंय?

चिल्ल्याहून काही जण चांगले होऊन येतात, असं सांगणारे भेटतात. येत असतील. चाळीस दिवस दारूपासून लांब, वेळेवर जेवण, वेळेवर झोप आणि चार माणसांची सोबत, याचा फायदा होणारच. पण एक्केचाळिसाव्या दिवशी तो त्याच गल्लीत, त्याच दोस्तांत, त्याच बेकारीत परत येतो. तेव्हा त्याच्याबरोबर कोण असतं? ‘इतकं करूनही तुझं इमान कच्चंच’ हे ऐकवणारे असतात. दारू सोडण्यापेक्षा सोडलेली टिकवणं अवघड असतं, आणि आपली सगळी व्यवस्था सोडवण्यापाशी संपते.

रमजानचंच उदाहरण घ्या. चाँद दिसला की पिणारे कित्येक जण बाटली बंद करतात आणि ईद झाली की पुन्हा उघडतात. घरचे म्हणतात, ‘बघा, मनात आणलं तर महिनाभर राहतो, म्हणजे बाकीच्या वेळी मुद्दाम पितो.’ हा निष्कर्ष चूक आहे. महिनाभर थांबता येणं आणि कायमचं सुटणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट जिवावरची आहे. जो रोज भरपूर पितो, त्याने एका रात्रीत एकदम बंद केलं तर काही तासांतच हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पुढच्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, नसलेली माणसं दिसू लागतात आणि वेळीच उपचार झाला नाही तर मृत्यूही ओढवतो. त्याला ‘जिन्नाची बाधा’ म्हणून झाडायला नेणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. अशा माणसाने रोजे ठेवण्याआधी, सोडण्याआधी, बैठकीला जाण्याआधीही डॉक्टरला भेटावं. सरकारी रुग्णालयातल्या मनोविकार विभागात यावर उपचार होतात.

आणखी एक धोका. लोकलच्या डब्यात आणि एसटी स्टँडच्या भिंतींवर ‘दारू सोडवा, पिणाऱ्याला न कळवता’ अशा जाहिराती असतात. हताश झालेली अम्मी किंवा बायको ती पावडर सालनात मिसळते. त्यात काय आहे हे तिला माहीत नसतं. डायसल्फिराम नावाचं औषध त्यात असेल आणि त्यावर तो माणूस प्यायला तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. हेच औषध डॉक्टर देतात, पण रुग्णाला सांगून, त्याची संमती घेऊन, तपासण्या करून.

‘हे सगळं ठीक आहे, पण इस्लाम काय म्हणतो?’ असा प्रश्न येणारच. तर मग इस्लामचंच बोलू. दारूबंदीचा हुकूम कुरआनात एका झटक्यात आलेला नाही. सूरह बकराच्या २१९व्या आयतीत दारूत काही फायदेही आहेत पण गुनाह मोठा आहे, एवढंच सांगितलं. सूरह निसाच्या ४३व्या आयतीत नशेत असताना नमाजजवळ जाऊ नका, असं आलं. सूरह मायदाच्या ९०व्या आयतीत पूर्ण बंदी आली. सवय जडलेल्या समाजाला पायरीपायरीने बाहेर काढावं लागतं, ही समज त्यात आहे. सहीह बुखारीत एका सहाबीची हकीकत आहे. तो दारू पिण्यावरून पुन्हा पुन्हा पकडला जाई आणि त्याला शिक्षाही होई. एकदा कोणी तरी त्याच्यावर लानत केली, तेव्हा प्रेषितांनी त्या शाप देणाऱ्याला अडवलं आणि त्या पिणाऱ्याच्या मनात अल्लाह आणि रसूलबद्दल मोहब्बत आहे, याची ग्वाही दिली. पुन्हा पुन्हा घसरणाऱ्याला समाजाबाहेर ढकलू नका, हा त्याचा सरळ अर्थ. आपण मात्र पहिल्या घसरणीलाच फतवा सुनावतो आणि त्याला दीनदारी म्हणतो.

आता बैठकांबद्दल. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, ही चळवळ १९३५ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात अ‍ॅक्रन गावी सुरू झाली. दारूने बरबाद झालेला एक शेअर बाजारातला माणूस आणि तसाच एक सर्जन एकमेकांशी बोलत बसले आणि बोलण्यातून सावरत गेले. एवढीच तिची सुरुवात. भारतात ती १९५७ साली मुंबईत आली. आज महाराष्ट्रात आणि गोव्यात तिचे गट आहेत. महापालिका शाळांच्या वर्गात, चर्चच्या हॉलमध्ये, समाजमंदिरात संध्याकाळी तास-दीड तास बैठक भरते. मराठीत, हिंदीत, कोकणीत, इंग्रजीत बोलणं होतं. फी नाही. सभासद होण्याची अट एकच : दारू सोडायची इच्छा. नाव सांगायचं तर पहिलं नाव पुरे. आडनाव, मोहल्ला, जात, फिरका कोणी विचारत नाही. पहिल्या दिवशी काहीच बोलला नाहीत आणि मागच्या बाकावर बसून ऐकून आलात, तरी चालतं. काही बैठका खुल्या असतात. तिथे नातेवाईक, विद्यार्थी, कोणीही जाऊन बसू शकतं. बंद बैठका फक्त दारूचा त्रास असलेल्यांसाठी असतात.

पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण आहे. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचं पाठबळ त्यामागे होतं. तिथे उपचारानंतरच्या पाठपुराव्याला उपचाराइतकंच महत्त्व दिलं जातं, कारण खरी लढाई घरी परतल्यावर सुरू होते. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारचा १४४४६ हा फोन क्रमांक आहे आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६. दोन्ही मोफत आहेत. जवळची बैठक कुठे भरते हे एएच्या भारतातल्या कार्यालयाच्या संकेतस्थळावरून आणि तिच्या फोनवरून कळतं. गावात गट नसेल तर ऑनलाइन बैठका आहेत. कोरोनाच्या काळात त्या वाढल्या. कॅमेरा बंद ठेवून, इयरफोन लावून बसता येतं.

आता आक्षेप येतील. ते टाळून चालणार नाही.

पहिला आक्षेप : ‘चर्चच्या हॉलमध्ये कसं जायचं?’ भाई, ती भाड्याची खोली आहे. एए कुठल्याही धर्माशी, पंथाशी, पक्षाशी बांधलेली नाही, हे तिच्या परंपरांमध्येच लिहिलेलं आहे. मिशनऱ्यांच्या शाळेत मुलाचा प्रवेश मिळावा म्हणून आपण पहाटेपासून रांग लावतो. तिथे इमानाला धक्का लागत नाही, मग जीव वाचवायला गेल्यावर कसा लागेल?

दुसरा आक्षेप : ‘ते कुठल्याशा उच्च शक्तीवर विश्वास ठेवायला सांगतात, हे शिर्क नाही का?’ बारा पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख आहे, पण ज्याला तो जसा समजला तसा, ही मुभाही तिथेच दिलेली आहे. मुसलमानाने तिथे अल्लाह म्हणावं, त्याला कोणी अडवत नाही. ज्याचा कशावरच विश्वास नाही त्यालाही बसता येतं. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये १९८९ साली मुस्लिमांनी मिल्लती इस्लामी नावाचा गट सुरू केला आणि बारा पायऱ्यांची मांडणी इस्लामी श्रद्धेला धरून केली. तिथल्या मुस्लिमांना जे साडेतीन दशकांपूर्वी जमलं, ते भिवंडी, मालेगाव, मुंब्र्याला का जमू नये?

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : ‘आपले गुनाह चारचौघांत सांगू नयेत, अल्लाहने झाकलं ते उघडं करू नये, अशी शिकवण आहे.’ शिकवण बरोबर आहे. पण ती कोणासाठी? गुनाह मिरवणाऱ्यासाठी. रात्री केलेल्या मस्तीची सकाळी नाक्यावर फुशारकी मारणाऱ्यासाठी. आजारी माणूस हकिमाला दुखणं सांगतो तेव्हा तो गुनाह मिरवत नसतो. बैठकीत ऐकणारे सगळे त्याच दुखण्याचे असतात आणि तिथलं बोलणं तिथेच ठेवायचं, हा नियम असतो. शिवाय आठव्या आणि नवव्या पायरीत काय आहे ते पाहा : आपण ज्यांना दुखावलं, लुबाडलं त्यांची यादी करायची आणि शक्य तिथे भरपाई करायची. आपल्या मौलानांनी हुकूकुल इबादवर इतकी बयानं केली आहेत. माणसांचे हक्क बुडवले तर त्या माणसांनीच माफ करायला हवं, नुसत्या तौबेने भागत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ते प्रत्यक्षात आणायचा रस्ता इथे दाखवला जातो आणि आपण त्यालाच परका म्हणतो.

चौथा आक्षेप तोंडाने कोणी बोलत नाही, पण खरा तोच असतो : ‘तिथे कोणी ओळखीचं भेटलं तर?’ भेटलं तर तोही त्याच कारणासाठी आलेला असेल. दारूच्या गुत्त्यावर ओळखीचं भेटायची भीती वाटत नाही आणि दारू सोडायच्या जागी वाटते, यातच समाजाने काय करून ठेवलंय ते दिसतं.

पाचवा आक्षेप शिकलेल्यांचा : ‘याला शास्त्रीय आधार आहे का?’ आहे. २०२० साली कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात दहा हजारांहून अधिक लोक होते. दारू पूर्ण बंद ठेवण्याच्या बाबतीत एए आणि तिच्याशी जोडून देणारे उपचार इतर मान्य मानसोपचारांइतके किंवा त्यांहून सरस ठरले. म्हणून ती जादू आहे असं नाही. काहींना तिथलं वातावरण मानवत नाही, काहींना औषधं आणि समुपदेशन जास्त उपयोगी पडतं. एक बैठक आवडली नाही तर दुसऱ्या गटात जाऊन पाहावं. नव्वद दिवसांत नव्वद बैठका करा, असं जुने सभासद सांगतात ते एवढ्यासाठीच की एका बैठकीवरून निकाल लागत नाही.

आता बायकांचं. नवरा पितो, मारतो, पगार उडवतो, आणि माहेर-सासर दोघांचं उत्तर एक : ‘सबर कर.’ सबर म्हणजे मार खात बसणं, हा अर्थ कोणी लावला? व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठी अल-अनॉन नावाचे वेगळे गट १९५१ पासून चालतात. नवरा दारू सोडो न सोडो, तिने स्वतःला आणि मुलांना कसं सावरायचं, हे तिथे समजतं. आणि मारहाण चालूच असेल तर १९३९च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याने क्रूरता हे तलाक मागण्याचं कारण मानलेलं आहे, हे तिला कोणी तरी सांगायला हवं. पिणाऱ्या बाईचं तर आपण नावही घेत नाही. तिच्या वाट्याला दुप्पट शरम येते, म्हणून ती मदतीपर्यंत सगळ्यात उशिरा पोचते. मुलींनो, आपल्या ओळखीत अशी कोणी असेल तर पहिल्या बैठकीला तिच्याबरोबर जा.

शेवटी मागणी. ती मशिदींच्या ट्रस्टींकडे, जमातखान्यांकडे, अंजुमनच्या शाळांकडे आहे. नमाजची जागा कोणी मागत नाही. शादी हॉल आठवड्यातून सहा दिवस रिकामा असतो. शाळेचा वर्ग संध्याकाळी कुलूपबंद असतो. आठवड्यातून एक संध्याकाळ, दीड तास, वीस खुर्च्या आणि पिण्याचं पाणी, एवढंच हवं आहे. फुकट देऊ नका. एए बाहेरून दान घेत नाही, सभासद आपसात पैसे गोळा करून खर्च भागवतात. नाममात्र भाडं घ्या आणि पावती द्या. पण दोन अटी पाळा. तिथे बयान करायला जाऊ नका. आणि दार सगळ्यांना उघडं ठेवा : हिंदू आला, बौद्ध आला, ख्रिश्चन आला, बाई आली तरी. व्यसनाला फिरका नसतो, तर खोलीला कशाला हवा?

ट्रस्टी नाही म्हणतील. म्हणतील, ‘यामुळे वस्ती बदनाम होईल.’ तेव्हा त्यांना विचारा की गेल्या पाच वर्षांत आपल्या कब्रस्तानात ‘काविळीचे’ किती तरुण दफन झाले. उत्तर त्यांना माहीत असतं, कारण तो रजिस्टर त्यांच्याच ताब्यात असतो.

तरुणांनो, समाज बदलायच्या गप्पा आपण पुष्कळ मारतो. सुरुवातीला एवढं करा. आपल्या शहरातल्या बैठकांचा दिवस, वेळ, जागा शोधून काढा. एका खुल्या बैठकीला स्वतः जाऊन बसा, म्हणजे दुसऱ्याला सांगताना ऐकीव माहिती सांगावी लागणार नाही. मग ज्याला गरज आहे त्याला उपदेश न करता एवढंच म्हणा : ‘गुरुवारी साडेसातला मी नाक्यावर थांबतो, आपण दोघं जाऊ.’ तो पहिल्यांदा येणार नाही. पुढच्या गुरुवारीही नाक्यावर थांबा.